हत्तीचं पाऊल, मुंगीचं पाऊल

ट्रायजेमिनल ही चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस. दोन्ही बाजूंना एकेक, प्रत्येकीच्या ३ शाखा: कपाळ, गाल, खालचा जबडा. ती दुखते तेव्हा करंट बसावा तशी कळ येते आणि काही सेकंदांत, फार तर २ मिनिटांत जाते. परभणीच्या थंडीत पहाटेचा वारा गालाला लागला तरी तेवढं पुरतं. माणूस ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूने गिळू लागतो. घरच्यांना वाटतं, दाढ दुखतेय. पुष्कळदा चांगली दाढ निघते आणि कळ तिथेच राहते.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं, म्हणतात. हत्तीचं खरं, पण ही कळ जातेही तशीच, एका ढांगेत. मुंगीच्या पावलानं जाते ती भीती. कळ ओसरून तास झाला तरी तोंड उघडवत नाही. मग म्हणीतलं दुखणं कोणतं, कळ की तिची वाट पाहणं? उपचार चालतात ते कळेवर.

पहिलं औषध कार्बामाझेपिन, मूळचं फिट्सचं. १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोम यांनी त्याचा या कळेवरचा गुण नोंदवला. मात्रा मुंगीच्याच पावलानं वाढवतात, कारण गुंगी येते, तोल जातो, सोडियम उतरतं. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टर गाठायचा. एरवी गोळी मनानं बंद करायची नाही. ती सोसली नाही तर ऑक्सकार्बाझेपिन.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की शस्त्रक्रियेचा विचार. नसेच्या मुळाशी बहुधा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. एमआरआयमध्ये ती दिसू शकते. पीटर जॅनेटा यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत कानामागून कवटी उघडून दोहोंमध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. आराम बहुधा वर्षानुवर्षं टिकतो, पण काम मेंदूशेजारचं. प्रकृतीला ते झेपणारं नसेल तर गालातून सुई घालून उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने नस दुबळी करतात. गाल बधिर होऊ शकतो. किरणांच्या गॅमा नाइफला चीर लागत नाही, गुण यायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. यांतल्या कशानंतरही कळ परतू शकते.

कधी ती आपली आपण महिनोन्‌महिने थांबते. गोळीने थांबली की नुसतीच, हे तेव्हा कळत नाही. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून पाहतात. माणूस मात्र वाऱ्याच्या दिवशी मफलर हातानं धरून चालतो, वारा अडेल पण कापड गालाला टेकणार नाही, अशा बेतानं.