हलका हात

मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणी आणि वाक्प्रचारांपाशी माझी गाडी हमखास अडते. पण ‘लगाम खेचणे’ आणि ‘टाच मारणे’ हे दोन मला पाठ होते. गेल्या दोन वर्षांत सुट्टीला गावी गेले की घोडेस्वारी शिकते आहे. तिथे कळलं की खऱ्या घोड्यावर ही दोन्ही कामं शक्यतो करायचीच नसतात!

मित्रांनो, घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. ज्याला माशी कळते त्याला आपला पाय कळणार नाही? दोन्ही पोटऱ्या तंगाजवळ हलकेच टेकवल्या की ‘चल’. एकच पाय जरा मागे नेऊन दाबला की त्याचा मागचा भाग पलीकडे सरकतो. लगामाचंही तेच. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तोंडातली लोखंडी कडी, म्हणजे बिट, तिथे टेकते. पातळ हिरडी, खाली लगेच हाड. म्हणून आधी खोल बसून आपलं अंग स्थिर करायचं, मग ओला स्पंज पिळावा इतपत मूठ आवळायची. पुष्कळदा घोडा तेवढ्यानेच थांबतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने ऐकलं की त्याच क्षणी सोडायचं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. आपल्या भाषेत, हाच त्याचा फीडबॅक. आउटपुट बरोबर येऊनही इनपुट चालूच राहिला तर आपलं बरोबर आलं हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं? मग तो ऐकणंच सोडतो, आपण आणखी जोरात ओढतो, आणि तोंड ‘कडक’ होत जातं.

आमच्याकडे अशीच एक घोडी आली. आधी ती पर्यटकांना फिरवायची. रोज नवा माणूस, आणि प्रत्येक जण लगामाला लोंबकळून तोल सावरणारा. लगाम हातात घेतला की ती मान वर फेकायची. कुणी म्हणालं, जास्त कडक बिट घाला. मोतद्दार काका म्हणाले, “ती बहिरी न्हाई पोरी, कंटाळलीया. आधी वरडायचं थांबवा.”

पहिल्यांदा डॉक्टर आले. तिच्या दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या कानशीने घासल्या. मग रोज अर्धा तास नुसती चाल. विचारायचं, सोडायचं. विचारायचं, सोडायचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी नुसती खोल बसले आणि ती थांबली. मान खाली घेऊन तिने लांब फुरफुर केलं. खरं सांगते, वायवा सुटल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता. अजूनही अनोळखी माणूस बसला की ती मान उडवते. इतक्या वर्षांचं तीन आठवड्यांत कसं जाईल?

हा शोध काही आमच्या क्लबाचा नाही. इ. स. पूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याने नीट केलं की लगाम सैल सोडा, हे त्यातही आहे.

आता सेमिस्टर सुरू झालं. नवे ज्युनियर्स आलेत, त्यांना कामं सांगायची आहेत. हळू सांगून बघू, आणि झालं की सोडून देऊ. रेक्टर सरही हे पान वाचतात असं ऐकते!