तळहाताएवढं चित्र

मातीसचं 'डान्स' मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं होतं आणि त्यातले नाचणारे पाचही जण विटकरी होते. १९८५ च्या आसपासची गोष्ट. वाशीला रेल्वे यायला अजून सात वर्षं होती. मुंबईहून खाडीपुलावरून बस यायची आणि शाळेच्या खिडकीतून सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवरचं कमरेएवढं गवत दिसायचं. चित्रकलेचे सर इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचा शनिवारी जादा तास घेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सुरईवर उजेड कुठून पडतो याची शंभरदा उजळणी. तास संपला, पाण्याचे डबे मोरीत ओतून झाले, की सर कपाटातून एक पुठ्ठ्याची फाइल काढत आणि तिची नाडी सोडत. आत अख्ख्या जगातले चित्रकार एकमेकांना चिकटून बसलेले. कॅलेंडरची पानं, दिवाळी अंकांतली कात्रणं, दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठं, रशियन अल्बममधून सुटी झालेली पानं. व्हॅन गॉगच्या पाठीला मुळगावकरांची लक्ष्मी. सर फारसं बोलत नसत. चित्र हातात देत आणि म्हणत, "कडेला धर. बोटं लावू नकोस."

ते विटकरी नाचणारे माझ्या डोक्यात पक्के बसले. दिवेलागणीच्या वेळी गावाबाहेरच्या टेकडीवर काही माणसं गुपचूप नाचताहेत आणि मातीस हा संध्याकाळ रंगवणारा चित्रकार आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पुढे नोकरी लागल्यावर गुळगुळीत आर्ट पेपरवरचं जाड पुस्तक घेतलं. त्यात ती माणसं शेंदरी-तांबडी निघाली, टेकडी हिरवीगार, आकाश गडद निळं. संध्याकाळ नव्हतीच. छापखान्यात शाई कमीजास्त झाली होती आणि मी तिच्यावर गोष्ट रचून बसलो होतो. खरं सांगायचं तर खरे रंग पाहून मी थोडा हिरमुसलोच.

मूळ चित्र २६० सेंटिमीटर उंच आणि ३९१ सेंटिमीटर रुंद. सिडकोच्या आमच्या घराच्या हॉलची एक भिंत त्यातच संपली असती. सर्गेई श्चुकिन नावाच्या मॉस्कोतल्या कापडाच्या व्यापाऱ्यानं ते आपल्या वाड्याच्या जिन्यासाठी करून घेतलं. १९१० साली ते पुरं झालं. क्रांतीनंतर त्याचा संग्रह सरकारजमा झाला आणि हे चित्र पुढे लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात गेलं. तिथल्या अरोरा प्रकाशनानं अल्बम छापले, ते फोर्टातल्या पीपल्स बुक हाउसमध्ये स्वस्तात मिळत, आणि तिथून ते पान वाशीच्या एका शाळेच्या कपाटात आलं. पॅरिसमधला मातीस आम्हाला असा रशियामार्गे मिळाला. व्यापाऱ्याच्या जिन्यावरून तो उतरला तो थेट आमच्या बाकावर.

चित्रांच्या पुस्तकांची एक खोड आहे: ती सगळ्या चित्रांना एकाच पंक्तीला बसवतात. पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढं. पुस्तकात दोघांनाही एकेक पान. दालीचं चित्र भिंतभर असणार अशी माझी खात्री होती आणि एकदा चित्राखालची बारीक अक्षरं वाचताना ते माप दिसलं तेव्हा मी वही उघडून शेजारी ठेवली होती. 'गेर्निका'चं मात्र पुस्तकात त्या मानानं कमी नुकसान होतं. ते मुळातच काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगांत आहे. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका हे गाव बॉम्बनं उद्ध्वस्त झालं, पिकासोला ते पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांतून कळलं, आणि चित्रातल्या घोड्याच्या अंगावरच्या बारीक रेघा आजही छापील मजकुराच्या ओळींसारख्या दिसतात. कागदावरून आलेलं चित्र पुन्हा कागदावर गेलं, इतकंच.

आणि छापील चित्र पाहून चित्रकार झालेले काही थोडेथोडके नाहीत. सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हॅन गॉगकडे मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या, भावानं पाठवलेल्या. त्यांवरून त्यानं वीसेक तैलचित्रं केली. शेतकरी, पेरणी, दुपारच्या उन्हात गंजीच्या सावलीत झोपलेलं जोडपं. रंग त्याचे स्वतःचे, कारण समोरच्या कागदावर रंग नव्हताच. दुसऱ्यानं रचलेलं संगीत आपण वाजवतो आहोत, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं भावाला कळवलं होतं. आपल्याकडचा गवई असता तर म्हणाला असता, बंदिश मिलेची, गायकी माझी.

मुंबईत तरी वेगळं काय झालं? सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा यांतल्या कुणीही युरोप पाहिलेला नव्हता. नाझींच्या भीतीनं व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक होते. त्यांच्या नेपियन सी रोडवरच्या घरी ही मुलं जमत आणि पुस्तकांतला सेझान, पुस्तकांतला मातीस बघत. आधुनिक भारतीय चित्रकलेचा पहिला वर्ग असा पानं उलटत भरला. वाशीच्या आमच्या शनिवारच्या तासाची त्याच्याशी तुलना करणं उद्धटपणाचं आहे हे मला कळतं, पण मोह होतो.

मराठी घरांत तर छापील चित्रालाच हार घातला जात होता. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथल्या दगडी शिळांवरून उतरलेली लक्ष्मी-सरस्वती आपल्या देवघरांत येऊन बसली. माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी ही कशाची तरी नक्कल आहे, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

मूळ चित्राचा म्हणून जो धक्का बसायचा तो मला मातीसनं नाही, गायतोंडे यांनी दिला. मी युरोप पाहिलेला नाही. मूळ चित्रं पाहिली ती बहुतेक हार्बर लाइनच्या पासात बसणारी. लिलावाआधी काही दिवस चित्रं लोकांना पाहायला मांडतात, तिकीट नसतं, दारावरचा माणूस चपलांकडे एकदा बघतो आणि आत सोडतो. तिथे एक गायतोंडे होतं. पुस्तकांतून त्यांची चित्रं मी पुष्कळ पाहिली होती आणि आतल्या आत, कुणाला न सांगता, मला ती कळत नव्हती. हिरवट-करडी सपाट जागा, मधे दोनचार डाग, बाजूच्या पानावर गंभीर मजकूर. नागपुरात १९२४ साली जन्मलेला, गिरगावातल्या चाळीत वाढलेला, जे.जे.त शिकलेला माणूस इतका मोठा का म्हणतात, याचं उत्तर पानात सापडत नव्हतं.

समोर उभा राहिलो आणि पाचएक मिनिटं काहीच झालं नाही. मग खाडी दिसली. वाशीचा पूल ओलांडताना ओहोटीच्या वेळी लोकलच्या दारातून दिसते ती. चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर आभाळ असतं, पण खालचा चिखलही दिसत असतो, आणि गाडी पुढे सरकली की यातलं काय वर आणि काय खाली ते बदलतं. गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंग लावत, खरवडत, पुन्हा लावत. कागदाचे तुकडे रंगात भिजवून दाबत आणि उचलत. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. एकाखाली एक असे ते थर असतात आणि प्रकाश त्यांच्या मधून फिरून बाहेर येतो. कॅमेऱ्याला मात्र एकच पृष्ठभाग कळतो. तो सगळे थर इस्त्री करून देतो. मला कळत नव्हतं ते चित्र नव्हतंच, त्याची घडी होती.

मला तिथे खाडी दिसली हे गायतोंडे यांना आवडलं नसतं. आपली चित्रं कशाचीही चित्रं नाहीत, याबद्दल ते ठाम होते. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना चालत नसे. पण रोज दीड तास खाडीवरून जाणाऱ्या माणसानं दुसरं काय बघावं? २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून जास्त किंमत आली आणि ऑफिसात ज्यांना चित्रांशी देणंघेणं नव्हतं त्यांनीही मला विचारलं, असं काय असतं हो त्यात? मी खाडीचं सांगितलं. ते हसले. सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'नं गायतोंडे यांच्यावर काढलेला मोठा ग्रंथ माझ्याकडे आहे. त्यातल्या आठवणी मी पुन्हापुन्हा वाचतो, चित्रांची पानं मात्र भरभर उलटतो. चित्रकारावरच्या पुस्तकात चित्रं गाळून मजकूर वाचणारा वाचक मी एकटाच नसेन.

प्रभाकर बरवे यांनी हा पेच वेगळाच सोडवला, असं मला वाटतं. अलिबागजवळच्या नागावचा हा चित्रकार, म्हणजे आमच्या शेजारचाच. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' १९९० मध्ये आलं. त्यात चित्रांचं कौतुक करण्याऐवजी ते रंगवण्याआधीच्या कोऱ्या जागेबद्दल बोलतात. वस्तू, तिचा आकार, तिची सावली, तिच्याभोवतीचं रिकामपण. ते वाचताना छपाई बिघडण्याची भीतीच नाही, कारण चित्र अजून व्हायचंय. चित्रकलेवरचं मराठीतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर मी क्षणात हेच सांगीन. २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाच्या भाषणावरून जो वाद झाला तो वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आला. पानं, घड्याळं, पिसं, चकचकीत एनॅमल रंगांतल्या त्या शांत तरंगत्या वस्तूंबद्दल त्यामानानं कमीच आलं.

आता थोडं आमच्या गावाबद्दल. नवी मुंबई ही मुळात एका कलाविषयक मासिकात जन्मली, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली ती मुल्कराज आनंदांच्या 'मार्ग'च्या जून १९६५ च्या अंकात जगापुढे आली. सिडको त्यानंतर पाच वर्षांनी, १७ मार्च १९७० ला. म्हणजे ज्या जागेवर मी राहतो तिची छापील प्रत आधी निघाली आणि मूळ नंतर झालं.

कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे, बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये, पारसिकच्या डोंगराखाली. १९८३ ते ८६ च्या दरम्यान झालेलं. तिथून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण 'पाहिलं' ते एका पुस्तकात. उतरत्या छपरांची बुटकी घरं, सात घरांच्या मधोमध आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण, मागे डोंगर, पुढे खेळणारी पोरं. फोटो कृष्णधवल. तो पाहून मला माझ्याच गावाची आठवण यायला लागली, अगदी परदेशात असल्यासारखी. पुढच्या रविवारी पुस्तक पिशवीत घालून मी फोटोतलं घर शोधायला गेलो.

सापडलं नाही. जिथे असायला हवं होतं तिथे सरकत्या खिडक्यांचं तीन मजली घर होतं, जिन्याला स्टीलचा कठडा, दाराशी गाडी. अंगण होतं, त्यात तुळस होती आणि कुणीतरी पापड वाळत घातले होते. अधूनमधून एखादं मूळ घर कौलं सांभाळून उभं दिसलं, शेजारच्यांच्या सावलीत. एका आजींनी विचारलं, "कोणाचं घर हवंय?" मी पुस्तकातला फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "हे आमचंच असणार. पण आता तसं नाही राहिलं हो." त्यांच्या स्वरात हळहळ नव्हती. पावसात छपरं गळायची ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

वास्तुकलेची मंडळी या पाडापाडीबद्दल दुःख करतात. त्या दिवशी मीही करत होतो. पण कोरियांनी प्रत्येक घर सुटं ठेवलं, दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, ती याचसाठी की ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. बंदिश त्यांची होती. गाणाऱ्यानं तानांचा जरा अतिरेक केला, एवढंच फार तर म्हणता येईल.

सर निवृत्त झाले तेव्हा फाइल वाटून टाकली. मला 'डान्स'चं पान मिळालं. मी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आणि नेमकं तिथे, जिथे तीन ते पाच पश्चिमेचं ऊन येतं. उन्हात छपाईतली पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी शेवटपर्यंत टिकते. किराणा दुकानातली जुनी कॅलेंडरं पाहिली की हे कळतं. तर आता माझे ते पाचही विटकरी नर्तक निळसर पडले आहेत, टेकडी निळी, आकाशही निळं. कोण कुठे संपतो ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. मुलीनं दोन वर्षांपूर्वी उत्तम छपाईची नवी प्रत आणली, मोठी, रंग अगदी बरोबर. ती गुंडाळी कपाटावर आहे. सुट्टीत आली की विचारते, "बाबा, लावू या का आता?"

मी म्हणतो, पावसाळा संपू दे, भिंतीला ओल आहे.