चिंचेनें घांसलेला राजा

यंदा दिवाळीला इंग्लंडांत असलेला आमचा पुतण्या घरीं आला, आणि सर्वांच्या वस्तु वांटून झाल्यावर खास माझ्यासाठीं म्हणून त्यानें एक लहानशी पुडी पुढें केली. पुडींत मातीचीं बारा ढेकळें होतीं. सूनबाई तीं पाहून हंसल्या व म्हणाल्या, "भावोजी, मामंजींसाठीं एवढ्या लांबून मातीच आणलीत होय?" परंतु तीं ढेकळें म्हणजे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळांतलीं तांब्याचीं नाणीं होतीं. युरोपांत असलीं न धुतलेलीं नाणीं तिकडच्या छांदिष्ट मंडळींना मूठमूठभर विकत मिळतात, आणि मातीच्या पोटांतून कोण बाहेर येतो हें पाहण्यांत त्यांचे हिंवाळे जातात.

"काका, अर्ध्या तासांत चकचकीत करून दाखवतों," पुतण्या म्हणाला. "वहिनी, एक लिंबू आणि चिमूटभर मीठ द्या बरें."

लिंबाचें नांव निघतांच मीं पुडीवर हात ठेवला. मुलांची निराशा झाली, पुतण्याही जरा ओशाळला. आणि मग जी गोष्ट मीं पन्नास वर्षें घरांत कोणाला सांगितली नव्हती, ती फराळाच्या ताटांवर सांगणें प्राप्त झालें.

आमचें मूळ गांव मेहकर तालुक्यांत, पैनगंगेच्या कांठीं. मी पंधरा वर्षांचा असतांना एके सायंकाळीं आमचा सालदार नदीकडच्या वावरांतून आला, आणि ओसरीवर बसलेल्या काकांसमोर त्यानें धोतराचा सोगा उलगडला. "मालक, पाहा बरं, वखराच्या फासेले हे काय लागलं." मातीनें एकमेकांना चिकटलेल्या सात चकत्या होत्या. काका वकील होते. त्यांनीं एक उचलून पाहिली, "शिवराया असतील," असा निकाल दिला, आणि दोन चकत्या आणणाऱ्याच्या म्हणून सालदाराला परत करून पांच घरांत पाठवल्या. दहा रुपयांचाही माल नाहीं, असें ते वर म्हणाल्याचें मला आठवतें. त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं कळला.

लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर आलें होतें. आजी म्हणाली, "पूजेंत ठेवायचीं, तर मळकीं कशीं ठेवावीं?" देवघरांतलीं सर्व उपकरणीं ती स्वतः घांशी; तिच्या तांब्यापितळेकडे पाहून गांवांतल्या सासवा सुनांना उपदेश करीत. तिच्याच पद्धतीनें मीं चिंचेचा कोळ व राख घेतली, आणि न्हाणीच्या दगडावर दुपारभर तीं नाणीं घांसलीं. घांसतां घांसतां प्रथम हिरवट, मग काळपट असा एक थर निघून गेला व आंतली धातु लकाकूं लागली. पूजेच्या रात्रीं समईच्या उजेडांत तीं पांच नाणीं अशीं शोभलीं कीं, आजीनें माझ्या तोंडावरून हात फिरवला. तेवढी शाबासकी मला पुढें कोणत्याही परीक्षेंत मिळाली नाहीं.

चार वर्षांनीं मी नागपुरास कॉलेजांत गेलों. इतिहासाच्या एका अध्यापकांना नाण्यांचा नाद आहे असें ऐकून मोठ्या दिमाखानें तीं पांच नाणीं त्यांच्यापुढें ठेवलीं. त्यांनीं एकेक नाणें खिडकीशीं नेलें, प्रकाश आडवा पडेल असें धरलें, भिंगांतून पाहिलें, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग विचारलें, "हीं कोणीं घांसलीं?"

मीं म्हटलें, "मींच."

"राजा धुऊन टाकलात," ते म्हणाले. रागावून नव्हे, घरांतल्या मुलाच्या हातून कांचेचें भांडें फुटलें म्हणजे आपण ज्या स्वरांत बोलतों, त्या स्वरांत.

तीं नाणीं शिवराया नव्हतींच. तीं सातवाहनांचीं, म्हणजे सुमारें अठराशें वर्षांचीं. तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्रणाचीं, ज्याला पोटीन म्हणतात. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व त्याच्या भोंवतीं ब्राह्मी अक्षरें. दुसऱ्या बाजूस अधिक चिन्हाच्या चारही टोकांना वर्तुळें, हें उज्जयिनी-चिन्ह. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळें पुरें नांव एका नाण्यावर सहसा उतरत नाहीं. एकावर आरंभ, दुसऱ्यावर शेवट, असें पुष्कळ नाण्यांवरून जुळवून वाचावें लागतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, इतकीं शतकें जमिनींत राहिलेल्या नाण्याची वरची कड धातूची राहिलेली नसते. अक्षराचा उठाव त्या हिरव्याकाळ्या थरांत जपलेला असतो. चिंचेंतलें आम्ल तो थरच खातें, आणि मग राख उरलेलें काम पुरें करते. मीं मळ काढला नव्हता. लेख काढला होता.

तसें करण्यानें किती जातें, हें समजावण्यासाठीं त्यांनीं मला तऱ्हाळ्याची हकीकत सांगितली. तेव्हांच्या अकोला, आतांच्या वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा गांवीं १९३९ सालीं अशाच पोटीन नाण्यांचा सुमारें सोळाशेंचा सांठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो वाचला. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे ओळखीचे राजे तर त्यांत निघालेच. पण त्यांच्याबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशीं तीन नांवें निघालीं, जीं पुराणांतल्या वंशावळींत नाहींत. बोटाच्या पेराएवढ्या चकत्यांवर तीन राजे इतकीं शतकें मातींत थांबले होते. तो सांठा चिंच-राखेच्या घरीं गेला असता तर?

माझ्या पांचांपैकीं चौथ्या नाण्यावर अध्यापकांना 'सातकणिस' एवढीं अक्षरें अंधुक दिसलीं. त्याच्या आधीं, जेथें कोणता सातकर्णी तें लिहिलेलें असतें, तेथें गुळगुळीत धातु चमकत होती. गौतमीपुत्र असेल तर फारसें बिघडलें नाहीं, तशीं नाणीं पुष्कळ आहेत. पण कुंभ असेल, किंवा चौथाच कोणी, ज्याचें नांव आणखी कोठेंही नाहीं? तें नाणें आजही माझ्याजवळ आहे, आणि भिंगाखालीं मीं तें किती वेळां धरलें असेल याची गणती नाहीं.

त्यांनीं विचारलें, "न घांसलेलें एखादें शिल्लक आहे का?" तेव्हां मला सालदाराच्या दोन चकत्या आठवल्या.

सालदार तोंवर वारला होता. त्याच्या म्हातारीनें जोंधळ्याच्या कणगींतून एक चिंधी काढली. घरांत बरकत राहावी म्हणून नवऱ्यानें ती तेथें ठेवली होती. माती जशीच्या तशी होती. अध्यापकांनीं शिकवल्याप्रमाणें मीं बाभळीच्या कांट्यानें अगदीं वरची माती उकलली, त्यावर चहाच्या खोक्यांतली पातळ चांदी पसरली, रबरानें हलकेंच दाबली, आणि ठसा घेऊन नाणीं तिच्या हातांत परत दिलीं. एकावर हत्तीच्या पाठीवर 'ळुमावि' हीं अक्षरें स्पष्ट होतीं. पुळुमावी!

त्याच वेळीं मीं आणखी एक गोष्ट केली, ती सांगावयास मला अधिक जड जातें. दरम्यान मीं १८७८ चा भूमिगत द्रव्याचा कायदा वाचला होता. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें, आणि करार नसेल तर त्याचे तीन हिस्से सांपडणाऱ्याचे व एक हिस्सा जमीनमालकाचा, असें त्यांत आहे. सातांचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वापांच. आम्ही दोन दिलीं होतीं. कायदा लागू होत होता कीं नव्हता, हा काकांचा प्रश्न. मीं घांसलेल्या पांचांतलीं चार नाणीं म्हातारीपुढें ठेवलीं. तिनें तीं उलटसुलट करून पाहिलीं आणि परत केलीं. "हे आमचे नोहेत, भाऊ. आमचे तं मातीचे व्हते."

एवढें सांगून होईपर्यंत पुतण्यानें लिंबू सूनबाईंना परत दिलेलें होतें. "मग काका, करायचें काय?" त्यानें विचारलें.

करायचें थोडें आणि थांबायचें फार. नळाच्या पाण्यांत क्लोरीन व क्षार असतात, ते तांब्याला बाधतात. म्हणून मोटारीच्या बॅटरीसाठीं मिळतें तें शुद्ध पाणी आणवलें. प्रत्येक नाण्याला वेगळी कांचेची वाटी. आठवड्यानें पाणी बदलावें, मऊ ब्रशानें सुटेल तेवढीच माती सोडवावी, न सुटणारी भिंगाखालीं कांट्यानें उकलावी, आणि कांटा टोकरतो आहे असें वाटलें कीं हात थांबवावा. ज्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसेल तें लागलींच दूर ठेवावें. तो तांब्याचा रोग आहे, आणि दमटपणांत तो नाणें आंतून पोखरतो. आमच्या बारांत असें एक निघालें. शिशाचीं नाणीं असतील तर त्यांना आम्लाचा वारासुद्धां लागूं देऊं नये. लांकडी कपाटांतल्या वाफेनेंही तीं पांढरीं पडून भुगा होतात.

मुलांचा प्रश्न निराळाच होता: रोमचा आपल्याशीं संबंध काय? आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या भोकरदनला उत्खननांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली, आणि तिच्याच घडणीची मूर्ति इटलींत पाँपेई येथें, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालीं, १९३८ सालीं सांपडली. माल इकडून गेला, मोल तिकडून आलें. भारतांत मिळणारीं रोमन रुप्याचीं नाणीं बहुतेक ऑगस्टस व टायबेरियस या दोन सम्राटांचीं आहेत. कांहींना आमच्या लोकांनीं भोंक पाडून गळ्यांत घातलें, कांहींवरील सम्राटाच्या तोंडावर चरा मारला. हिंदुस्थानाकडे आपला पैसा वाहून जातो म्हणून रोमन ग्रंथकार प्लिनी कुरकुरला, हें मुलांना फार आवडलें.

पुतण्या परत गेला. मार्गशीर्षांत तिसऱ्या वाटींतल्या नाण्यावर चार पाय दिसूं लागले. नात ओरडली, "आजोबा, कुत्री!" आणखी आठ दिवसांनीं तिच्या पोटाखालीं दोन बाळें दिसलीं व पाठीवर दोन तारे. कुत्री नव्हे, लांडगी. रोमचे संस्थापक रोम्युलस व रीमस यांना दूध पाजणारी. मागच्या बाजूस शिरस्त्राण घातलेली नगरदेवता रोमा. कॉन्स्टंटाइनच्या कारकीर्दींत, इ. स. ३३० च्या सुमारास हीं निघूं लागलीं. लांडगीच्या पायांखालीं तीन बारीक अक्षरें आहेत, टी, आर, पी. म्हणजे ट्रिअर नगरीची टांकसाळ. मीं तें इंग्लंडास कळवलें, तेव्हां पुतण्या म्हणाला, "लिंबानें अर्ध्या तासांत झालें असतें!" पण तो हंसत होता.

सूनबाईंनीं काल विचारलें, "मामंजी, माझ्या कांचेच्या वाट्या संक्रांतीपूर्वीं मोकळ्या होतील ना?" मीं दोन रिकाम्या करून दिल्या. बाकीच्या माझ्या मेजावर आहेत, आणि नवव्या वाटींत आज सकाळीं एक कान दिसला आहे.