मातीचं छप्पर

बाहेर स्पितीचं डोळ्यांत भरणारं ऊन असतं, म्हणून ताबो मठाच्या दुखांगमध्ये, म्हणजे सभामंडपात, पाऊल टाकल्यावर आधी नुसता काळोखच लागतो. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड झिरपतो. डोळे निवळले की जाणवतं, भिंतींवरून कुणीतरी रोखून पाहतंय. डोक्याच्या वर, भिंतीतून पुढे झेपावलेल्या तीसेक मूर्ती, सगळ्या मातीच्या. आणि सर्वांच्या मध्ये वैरोचन बुद्ध, एकाच आसनावर चौफेर चार देहांनी बसलेला.

पश्चिम तिबेटातल्या गुगेचा राजा येशे-ओ यानं इ.स. 996 मध्ये हा मठ उभारला. शेहेचाळीस वर्षांनी जांगछुब-ओनं तो नव्यानं सजवला. तसं तिथल्या भिंतीवरच लिहून ठेवलंय. एका भिंतीवर बुद्धाचं चरित्र, समोरच्या भिंतीवर गुरूमागून गुरू शोधत निघालेला सुधन. या चित्रांपायीच ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. मराठी माणसाला हे ऐकून बरं वाटतं, पण तुलना जरा लंगडी आहे. अजिंठा रानात बुडालं, 1819 मध्ये एका इंग्रज शिकाऱ्याला दिसेपर्यंत जग त्याला विसरलं होतं. ताबोला विसरायची सवड कुणाला मिळालीच नाही. इथे पूजा चालूच राहिली आणि लोण्याच्या दिव्यांची काजळी चित्रांवर चढत गेली. जपणूक करणाऱ्याला ती काजळी खुपते. दिवा वाहणाऱ्याला ती भक्तीची खूण वाटते. दोघांचंही खरंच.

खरी काळजी मात्र डोक्यावर आहे. दहा हजार फुटांवरच्या या पर्जन्यछायेत छप्पर म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर आडव्या काटक्या आणि वर चोपून बसवलेली माती. बर्फ कोरडं असतं, ते लोटून देता येतं. पाऊस मुरतो. गळलं की लोक वरून मातीचा आणखी एक थर देतात. थर वाढतात, तसं छप्पर जड होतं. 19 जानेवारी 1975 च्या किन्नौरच्या भूकंपानं मठाला हादरे दिले. पुढे जवळच नवा दुखांग बांधला, 1983 मध्ये दलाई लामांनी तिथे कालचक्र दीक्षा दिली. जुना मात्र जुन्याच जागी, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, मातीचा तो मातीचाच राहिला.

स्पितीतल्याच पिन खोऱ्यातल्या बुछेनांकडे तर वारसा जपायला भिंतही नाही. लोखंडी पूल बांधणाऱ्या थांगतोंग ग्याल्पोला गुरू मानणारे हे संसारी धर्मगायक गावोगाव कथा सांगत, सोंगं घेत फिरतात. त्यांच्या विधीत एकजण उताणा झोपतो, पोटावर मोठी शिळा ठेवतात आणि दुसरा धोंडा मारून ती फोडतो. गावातली पीडा त्या शिळेत कोंडली असते, असा समज. विद्या बापाकडून मुलाकडे जाते. मुलगा शिकायला किंवा नोकरीला खाली शहरात गेला, की शिळा फोडायला कोण राहणार?

ताबो गावातही नव्या घरांवर सिमेंट आणि पत्रा चढतो आहे. पत्र्यावरून बर्फ आपोआप घसरतं, पण थंडीत तो काही ऊब धरत नाही. जुन्या छपरांवर अजून हिमवर्षाव थांबला की कुणीतरी लाकडी फावडं घेऊन शिडी चढतं आणि मातीचा पापुद्रा उखडू नये अशा बेतानं बर्फ हळूहळू कडेला सारतं.