इतिहासाच्या बाई

दहावीनंतर मी सायन्स घेतलं आणि इतिहासाचं पुस्तक रद्दीत गेलं. रत्नागिरीत आमच्यासाठी ‘आर्ट्स’ म्हणजे मार्क कमी पडलेली मुलं. इंजिनिअर झालो, पुण्यात कोड लिहायला लागलो.

मग एलिनॉर झेलियट वाचनात आल्या. या अमेरिकन बाईंनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी केली. विषय : डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. पुढे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात त्या इतिहास शिकवत राहिल्या. महाराष्ट्रात येऊन चळवळीतल्या माणसांशी बोलायच्या. कागदावर नसलेलं विचारून घ्यायच्या.

इथे मी अडकलो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. माझे आजोबाही त्याच तालुक्यातले. धर्मांतरानंतर घरातले देव कसे काढले, पणजी त्या रात्री का जेवली नाही, हे ते पडवीत बसून सांगायचे. मी गेम खेळत ‘हं’ म्हणायचो. २०१९ला ते गेले.

आता सुट्टीत घरी गेलो की आजीसमोर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग सुरू करतो. पहिल्या दिवशी तिने मोबाईलकडे बघून विचारलं, “याचे पैसे मिळतात काय रे?”