आखूड डबे

आमची खामगाव–जलंब शाखा अवघी तेरा किलोमीटरांची. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ती सुरू झाली, तीही उतारूंच्या सोयीपेक्षा कापसाच्या ओढीने. वऱ्हाडची रुई या रुळांवरून मुंबईला आणि तिथून विलायतेला जायची.

आता मालगाडी डोळे भरून पाहायची तर जलंबला जाऊन उभे राहावे. मुंबई–नागपूर मार्गावरून कंटेनरची गाडी धडधडत येते आणि न थांबता निघून जाते. काही डबे चाळीस फुटी, काही त्याच्या निम्मे. लांब डबा रुबाबदार खरा, पण माझा जीव आखूड डब्यावर! चाळीस फुटीत जागा दुप्पट. वजनाची मर्यादा मात्र डब्यासकट दोघांना साधारण सारखीच, ३०,४८० किलो. म्हणून फरशी, तांदूळ असा जड माल विसात भरतात आणि जागा खाणारा कापूस चाळिसात. आपल्या रेल्वेने १९६६ मध्ये कंटेनर आणले तेव्हा ते याहून लहान, सुमारे पाच टनांचे होते. २०१८ मध्ये तर गुजरातेत उंचीनेच बुटके डबे निघाले. एकावर एक रचूनही ते विजेच्या नेहमीच्या तारांखालून जातात.

हे सारे मी पुठ्ठ्यात करतो. सत्त्याऐंशीपट लहान केले की वीस फुटी डबा सात सेंटिमीटरांचा होतो. विकत मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे, म्हणजे विलायती गेजचे. आपला ब्रॉडगेज त्या मापात एकोणीस भरतो. एवढा अन्याय मी मुकाट्याने सोसतो.

माझे आजोबा मालधक्क्यावर हमाल होते. पुठ्ठ्याचा डबा त्यांनी तळहातावर घेतला, उलटासुलटा केला. मी सांगितले, कोपऱ्यांत भोके असतात, तिथे क्रेन धरते. गाडीवरून ट्रकवर जाईपर्यंत आतल्या मालाला कुणाचा हात लागत नाही. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् याले पाठ कोठी लावाची रे?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या जलंबच्या मालधक्क्यावर दोन सेंटिमीटरांचा एक हमाल मी उभा केला आहे. त्याच्या हाती पोती ओढायचा आकडा हवा, असे आजोबांचे म्हणणे. या मापात आकडा म्हणजे टाचणीचे टोक. ते अजून माझ्याच्याने वाकलेले नाही.