कंसातलं नाव

आजोबांची नजर अधू झाली आणि सातबारा मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. नमुना सातमध्ये जमीन कुणाची, नमुना बारामध्ये तिच्यात काय पेरलं. दोन्हींना सांधणारा गट नंबर. एका माणसाची गावातली सगळी जमीन पाहायची तर आठ-अ, तिथे खाते नंबर. 'नावावर जाऊ नकोस, नंबर बघ,' आजोबा बजावायचे. भावकीत एकाच नावाची तीन माणसं होती.

नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेसच्या क्लासात सरांनी फळ्यावर प्रायमरी की, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, असं लिहिलं, तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. एका टेबलाची की दुसऱ्या टेबलात गेली की ती फॉरेन की, हेही गट नंबरानं आधीच शिकवलं होतं. पुढे एडगर कॉड भेटला, अर्थात पुस्तकात. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतल्या या गणितज्ञानं १९७० साली मांडलं, की माहिती यंत्रात कुठे आणि कशी ठेवली आहे याची फिकीर वापरणाऱ्याला नसावी. त्याला टेबलं दिसावीत आणि त्यांची नाती त्यांतल्या मूल्यांवरूनच जुळावीत. त्यातूनच नॉर्मलायझेशन आलं: एक गोष्ट एकाच जागी लिहा, म्हणजे ती दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सांगितली जाणार नाही. नल, म्हणजे माहीत नसलेलं मूल्य, तोही तिथेच उमगला. कचेरीत 'निरंक' लिहिणं वेगळं आणि रकाना कोरा राहणं वेगळं. पहिल्यात काही नाही हे ठाऊक असतं, दुसऱ्यात काहीच ठाऊक नसतं.

नोकरीत ट्रान्झॅक्शनशी गाठ पडली. एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा झाली तरच कमिट, नाहीतर सगळंच रोलबॅक. त्याच सुमारास आजोबा गेले. तलाठ्यानं फेरफार रजिस्टरला वारसनोंद धरली, नोटिसा निघाल्या, हरकतीची मुदत सरली, मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. मगच आजी, वडील आणि आत्यांची नावं सातबाऱ्यावर चढली. आजोबांचं नाव मात्र पुसलं नव्हतं. त्याला कंस घातला होता, शेजारी फेरफार क्रमांक होता.

संगणकावर अपडेटची एक ओळ चालवली की जुनं मूल्य टेबलातून जातं. इतिहास ठेवायची सोय मुद्दाम करावी लागते. घाईत तीच राहून जाते. म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं आहे: टेबल आखताना विचारा, उद्या हा रकाना बदलला तर तो कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर बदलला, हे कुठे दिसेल? उत्तर नसेल, तर टेबल अजून अपुरं आहे.